लिंबावरचे नागोबा

सूनबाईने काल संध्याकाळी फवारणीची बाटली आणली. बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर अळ्या झाल्यात, निम्मं झाड खराटा झालंय, आता मारायलाच पाहिजेत, असं तिचं म्हणणं. तिचं काही चुकत नाही. पण मी म्हटलं, "पोळ्यापर्यंत थांब." तिने माझ्याकडे असं पाहिलं, की झालं, म्हातारीचं आता सोवळंओवळं सुरू झालं. सोवळ्याशी माझा जन्मात संबंध आला नाही. अख्खी नोकरी मी शाळेत शास्त्र शिकवण्यात घालवली. पण श्रावण लागला आणि पानावर ती हिरवी अळी दिसली, की माझ्यातली शास्त्राची बाई बाजूला होते आणि एक दहा वर्षांची पोरगी पुढे येते. तिला मी तरी काय करू.

सकाळी चष्मा लावून कुंडीपाशी बसले. लहान अळ्या चिमणीच्या विष्ठेसारख्या दिसतात, काळपट, वर पांढरा शिंतोडा. पाखरंही फसतात, खात नाहीत. मोठी झाली की कात टाकून हीच अळी हिरवीगार होते, मानेशी फुगते आणि त्या फुगीर भागावर दोन डोळे उमटतात. ते खरे डोळे नव्हेत, नुसती नक्षी. काडीने हळूच डिवचलं, की डोक्यामागून लालभडक दुहेरी जीभ बाहेर काढते आणि आंबूस उग्र वास सोडते. ती जीभही खरी जीभ नव्हे. तो वास आला आणि मी नांदेडच्या तिसऱ्या मजल्यावरून सरळ आमच्या त्या अंगणात जाऊन पडले.

तेव्हा आम्ही कंधारच्या बाजूला एका गावात राहत होतो. गावाचं नाव घेत नाही, तिथले लोक अजून माझ्याशी भांडायला येतील. निजामाचं राज्य शेवटाला आलं होतं, पण ते आम्हाला तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं. माझे वडील, अण्णा, गावच्या मदरशात हंगामी मास्तर. मदरसा म्हणजे सरकारी शाळाच, शिकवायचं सगळं उर्दूत. हंगामी म्हणजे काय, हे आमच्या घरात चुलीपासून पाळण्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आईने परसात आंब्याची कोय लावायची म्हटली तरी अण्णा म्हणायचे, "कायम होऊ दे, मग लाव." कागदी लिंबाचं रोप तेवढं लावलं होतं, कारण ते लवकर फळ धरतं.

त्या वर्षी कायम होण्याची वाट निघाली होती. श्रावणाच्या शेवटी, पोळ्याच्या आधी, मदरशाचा मुआइना होणार होता. मुआइना म्हणजे वरच्या साहेबांची तपासणी. सदर मुदर्रिस, म्हणजे आमचे हेडमास्तर, यांनी अण्णांना सांगितलं, "तुम्ही शास्त्र शिकवता, आपल्या भागातल्या फुलपाखरांची एक पेटी करा. साहेबांना असल्या गोष्टींचा शौक आहे. खूश झाले तर तुमची शिफारस मी स्वतः पुढे करतो." झालं. चैत्रापासून आमच्या घराला फुलपाखरांचं वेड लागलं.

अण्णा जाळं घेऊन किल्ल्याच्या बाजूने, तळ्याच्या काठाने हिंडायचे. सुताराकडून सागाची पेटी करून घेतली, आत खाने पाडले, पंख पसरून टाचण्यांनी फुलपाखरं बसवली, कोपऱ्यात डांबरगोळ्या ठेवल्या. वरून काच, आणि काचेच्या कडा खळीने कागद चिकटवून बंद. प्रत्येक फुलपाखराखाली चिठ्ठी. चिठ्ठ्या लिहायला अण्णांचे दोस्त मौलवीसाहेब यायचे, मदरशात फारसी शिकवायचे आणि अक्षर असं, की वाचण्याआधी माणूस नुसता बघतच राही. खानदान अमुक, नौ अमुक. खानदान म्हणजे कुळ, नौ म्हणजे जात. शेवटच्या ओळीत शिनाख्त, म्हणजे हे फुलपाखरू कोणतं हे ज्याने ओळखलं त्याचं नाव. सगळ्या चिठ्ठ्यांवर शिनाख्त अण्णांची. ते नाव वाचून मला फार मोठं झाल्यासारखं वाटे. मुलींना मदरशात घेत नसत, पण मौलवीसाहेबांनी मला ओट्यावर बसवून अलिफ बे शिकवलं होतं, त्यामुळे पेटी मला पाठ होती.

पेटीच्या मधोमध अण्णांचा अभिमान होता. शेपटीवाल्या फुलपाखरांचं खानदान. मागच्या पंखाला शेपटीसारखं टोक असतं म्हणून शेपटीवाली. त्यात एक जोडी होती. दोघांचेही पंख काळे, मागच्या पंखावर पांढरा डाग आणि कडेला लाल चंद्रकोरी. फरक एवढाच, की एकाचं अंग लाल आणि दुसऱ्याचं काळं. अण्णांकडे एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, पण त्यातली चित्रं बिनरंगाची. तेव्हा त्यांनी आपलं डोकं चालवलं. मोर नटवा, लांडोर साधी. कोंबडा नटवा, कोंबडी साधी. म्हणून लाल अंगाचा तो नर आणि काळ्या अंगाची ती मादी. दोघांना शेजारी बसवून चिठ्ठी लिहिली, जोडा. आणि त्यांच्या पलीकडच्या खान्यात एक बिचारं एकटं, काळं, पंखावर आडवा पांढरा पट्टा असलेलं. त्याची मादी काही सापडली नव्हती. मी त्याला ब्रह्मचारी म्हणायची.

या सगळ्यात गोदाआत्याबद्दल सांगायचं राहूनच गेलं. तीही तशीच होती, सांगायचं राहून जावं अशी. अण्णांची धाकटी बहीण. जळकोटला दिलेली, तिथे वर्षभरात नवरा वारला आणि अण्णा तिला घरी घेऊन आले. तेव्हा विशी-बाविशीची असेल. अण्णांना दादा म्हणायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण डोळा असा, की गव्हातला खडा चुकला नाही आणि माझा ताप कपाळाला हात न लावता ओळखला. बोलणं जळकोटच्या खेड्यातलं होऊन गेलेलं. श्रावण लागल्यावर तिने अण्णांचं जाळं उचलून माळ्यावर ठेवलं. "सरावनात जीव मारायचा न्हाई, दादा. पुरं झाली तुझी पाखरं." आणि खरंच तेव्हा पुरी झाली होती.

लिंबावर अळ्या पडल्या त्या त्याच दिवसांत. हातभर वाढलेलं रोप, त्याची कोवळी पानं करकर खाऊन राहिल्या होत्या. आई म्हणाली, पंचमी झाली की वेचून राखेत टाकते.

पंचमीला सगळ्या गल्लीतल्या बायका नवी लुगडी नेसून, गाणी म्हणत वारुळाला निघाल्या. आई गेली. आत्या नाही गेली. तिला कुणी जाऊ नकोस म्हटलं नाही आणि कुणी चल म्हटलं नाही. माझ्या पायात काटा मोडला होता म्हणून मीही घरी. बायकांची गाणी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होती, मग येईनाशी झाली. आत्या अंगण झाडत होती. झाडलेलंच अंगण परत झाडत होती, हे मला दिसत होतं. तिला एकटी टाकून गेलेल्या त्या बायकांचा मला तेव्हा राग आला, आणि आजही येतो. त्यांत माझी आईही होती.

केरसुणी लिंबाच्या रोपाला लागली आणि आत्या एकदम मागे सरली. पानावर हिरवा फणा उभा, फण्यावर डोळे, आणि लाल दुहेरी जीभ लवलवत होती. बोटाएवढा नागोबा. आत्याने केरसुणी खाली ठेवली. मी म्हटलं, "आत्या, ती अळी आहे." तिने ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. आत गेली, वाटीत दूध, मूठभर लाह्या आणि चिमूटभर हळद घेऊन आली. कुंकवाला तिने हात लावला नाही. रोपाच्या बुंध्याशी दूध ओतलं, लाह्या वाहिल्या, हळदीचं बोट पानाला लावलं आणि हात जोडून कितीतरी वेळ उकिडवी बसून राहिली. मग मला म्हणाली, "म्या वारुळाला न्हाई गेले तर त्योच आला बघ."

दुपारी अण्णांनी ऐकलं आणि त्यांना हसू आवरेना. "गोदे, अगं ती फुलपाखराची अळी. डोळे खोटे, जीभ खोटी. कुणी खाऊ नये म्हणून सोंग करून राहिली." आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, "आसंल आळी. माझ्याकडं आज कोण आलं, तीच आली ना." अण्णांचं हसू थांबलं. आईलाही काय वाटलं कोण जाणे, तिने राखेचं नाव परत काढलं नाही. पोळ्यापर्यंत लिंब अळ्यांना आंदण दिला.

शास्त्र शिकवताना मी पुढे शेकडो मुलांना फुलपाखराच्या चार अवस्था सांगितल्या, फळ्यावर बाण काढून. पण खरं सांगायचं तर त्या मला आत्याने दाखवल्या. कोवळ्या पानावरचं मोहरीच्या दाण्याएवढं पिवळट अंडं तिने दाखवलं. अळीने खाणं सोडलं, अंगाभोवती धागा घेतला आणि ती फांदीवर कोश करून बसली, तेही तिनेच दाखवलं. शिंदीच्या झाडावर चढणारा माणूस कमरेला दोर घेऊन मागे रेलतो ना, थेट तसा तो कोश रेललेला. आत्या रोज सकाळी कोश मोजायची आणि त्यांना नागोबाच म्हणायची. "नागोबा निजले," म्हणायची.

राखीच्या पुढेमागे एका सकाळी पहिला कोश उकलला. ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं, फांदीला लोंबकळलं, आणि बघता बघता पंख ताठ झाले. काळे, आडवा पांढरा पट्टा, मागे शेपटी. माझा ब्रह्मचारी. दुसऱ्या दिवशी शेजारचा कोश उकलला. पंख काळे, पांढरा डाग, लाल चंद्रकोरी, अंग काळं. मी बघतच राहिले. ही तर जोड्यातली मादी. लाल अंगाच्या नवऱ्याशेजारी काचेखाली टाचलेली.

मी आत्याला सगळं सांगितलं. कोणत्या खान्यात कोण, कुणाच्या चिठ्ठीवर काय. आत्याने दोन्ही रिकाम्या कोशांकडे पाहिलं. "येका घरची लेकरं हाईत ही. आन् दादानं त्या काळीचं लगीन परक्या घरी लावून दिलं, आसंच ना." मला हसू फुटलं. आत्या हसली नाही. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "मुआयना होऊ दे. दादाचं कायम होऊ दे. मग सांगू."

मी दोन दिवस गप्प राहिले. दहा वर्षांच्या पोरीला दोन दिवस फार होतात. तिसऱ्या दिवशी अण्णा हातावर राखुंडी घेऊन दात घासत अंगणात उभे होते. लिंबाच्या फांदीवर दोन फुलपाखरं शेपटीला शेपटी लावून बसली होती. एकाला पांढरा पट्टा, दुसरीला लाल चंद्रकोरी. अण्णांची राखुंडी वाळून गेली. मग त्यांनी विचारलं, "गोदे, या कोशांतून काय काय निघालं?"

आत्या जात्यावर होती. "काय निगायचं. फुलपाखरं."

"कसली?"

जातं थांबलं. तिला खोटं बोलता आलं असतं, तिच्या भावाने तिच्यावर विश्वासही ठेवला असता. मी दाराआडून मनात म्हणत होते, बोल, खोटं बोल. ती उठली, आणि रिकामे कोश तिने एकेक करून दाखवले, यातून पट्ट्याचा, यातून लाल ठिपक्याची, यातून परत पट्ट्याचा. एक कोश शिल्लक होता. त्यावर तिने चाळण पालथी घातली. दुसऱ्या सकाळी चाळण उचलली तर आत लाल चंद्रकोरी आणि काळं अंग. अण्णा जमिनीवर बसले. "पट्ट्याचा आणि ही, वेगळी जात नव्हेच," ते म्हणाले. "ती लाल अंगाची जातच निराळी, विषारी वेल खाऊन वाढते, पाखरं तिला शिवत नाहीत. ही बिनविषाची बाई तिचं लुगडं नेसून फिरते. आणि मी लुगड्यावरून सोयरीक केली."

अण्णा तसेच मदरशात गेले, पण सदर मुदर्रिसांनी पेटी उघडू दिली नाही. मुआइना परवावर, काच काढताना पंख तुटले तर काय दाखवणार, आणि साहेबांना कुठे एवढं कळतंय. त्यांचंही खोटं नव्हतं. आत्या त्या दोन दिवसांत अण्णांना एकच सांगत राहिली, "दादा, गप ऱ्हा. लई झालं, गप ऱ्हा." आईने देव पाण्यात ठेवले.

मुआइन्याच्या दिवशी काय झालं ते संध्याकाळी मौलवीसाहेबांनी ओट्यावर बसून सांगितलं. साहेब पेटीपाशी आले, खूप वेळ पाहिलं, खूश झाले. मधल्या जोड्यावर बोट ठेवून म्हणाले, "मास्टर साहब, ये जोड़ा तो बहुत खूबसूरत है." सदर मुदर्रिस हसले. आणि अण्णांनी सांगून टाकलं की हा जोडा चुकला आहे, या मादीचा नर पलीकडे एकटा बसलाय, आणि हे मला घरात परवाच कळलं. साहेब म्हणे हसले, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या वर्गात गेले. पण सदर मुदर्रिस हसले नाहीत. साहेबांसमोर आपली मान खाली गेली असं त्यांना वाटलं, आणि शिफारस काही पुढे गेली नाही. मौलवीसाहेब चहा न घेता उठले. आत्या आतून सगळं ऐकत होती.

दिवाळीनंतर अण्णांची बदली इस्लापूरला झाली, हंगामीच. तिकडे किनवटचं रान, अण्णांना फुलपाखरं पुष्कळ दिसली, पण हिवतापाने असं धरलं की पुढे आयुष्यभर दर पावसाळ्यात अंथरूण धरायचे. आत्याने कुणाला बोलून दाखवलं नाही, पण इस्लापूरला गेल्यापासून तिने पंचमी केली नाही. लाह्या भाजल्या, आम्हाला खायला दिल्या, आपण हात लावला नाही. ताप चढलेल्या अण्णांच्या डोक्यावर पाण्याची घडी ठेवताना एकदा मी तिला पुटपुटताना ऐकलं, "माजं तोंड शिवलं आसतं तर." अण्णा ग्लानीत होते. मला फार वाटलं की काहीतरी बोलावं. पण तोंड तर मीही उघडलं होतं, आधी आत्यापाशी. मी गप्प राहिले, आणि तशीच वर्षं गेली. राज्य गेलं, अण्णा पुढे कायमही झाले, आणि एके वर्षी गेलेही. आत्या माझ्याकडे नांदेडला राहायला आली. घरासमोर मी लिंब लावला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दुसरं काही लावलं आसतंस."

मग एका मार्चमध्ये मॅट्रिकच्या परीक्षेच्या देखरेखीला माझी नेमणूक त्याच गावच्या शाळेत झाली. उन्हाचा कडाका, वर्गात पेपर चालू, आणि मी कागद ठेवायला म्हणून मागच्या खोलीत गेले, तर कपाटावर सागाची पेटी. पदराने काच पुसली. आत फुलपाखरं नव्हती. डांबरगोळ्या केव्हाच उडून गेल्या होत्या आणि किड्यांनी सगळं खाऊन टाकलं होतं. नुसत्या टाचण्या उभ्या, ओळीने, आणि बुडाशी करडा भुगा. चिठ्ठ्या मात्र जशाच्या तशा. मौलवीसाहेबांचं अक्षर ओळखून मला रडू आलं, ते आवरून मी मधल्या खान्यापाशी आले. काचेची कड तिथे उचकटून परत चिकटवलेली होती. जोड्याची चिठ्ठी नव्हती. पट्टेवाल्याची टाचणी आणि काळ्या अंगाच्या मादीची टाचणी शेजारी शेजारी होत्या, आणि खाली नवी चिठ्ठी, अण्णांच्या हातची, घाईघाईची.

मुख्याध्यापक भले होते. त्या भुग्यातली एक चिठ्ठी हवी म्हटल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले, पण दिली.

घरी आले तेव्हा आत्या ओसरीवर लसूण सोलत होती. मी पर्समधून चिठ्ठी काढून तिच्यापुढे धरली. म्हटलं, "पेटी सापडली. अण्णांनी इस्लापूरला जायच्या आधी ती उघडून दुरुस्त केली होती."

"काय लिवलंय?"

मी वाचलं. "नर और मादा. एक ही नौ. लीमू के दरख्त पर पले, लिंबाच्या झाडावर वाढले. शिनाख्त, गोदावरीबाई."

"शिनाख्त म्हंजी?"

"ज्याने ओळखलं त्याचं नाव. बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर अण्णांचं आहे. या एकीवर तुझं."

आत्याने हात पदराला पुसले. चिठ्ठी घेतली आणि तिच्यावर डावीकडून बोट ठेवलं. मी तिचं बोट धरून उजवीकडे नेलं, उर्दू तिकडूनच वाचतात, मग शेवटच्या ओळीत तिच्या नावावर ठेवलं. ती चिठ्ठीवर वाकली. मग म्हणाली, "पुना वाच." मी परत वाचलं. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं आणि तोवर तिचं बोट तिथून हललं नाही.

मग ती उठली आणि म्हणाली, "घरात दूध हाय का गं?"

पंचमी नव्हती, श्रावण नव्हता. भर उन्हाळा, समोरच्या लिंबावर एकही अळी नव्हती. मी वाटीभर दूध आणून दिलं.